वाचकांचे प्रश्न : आपल्याच तासाविषयी लिहिताना

शिक्षकांनी स्वतःच्या अध्यापनाविषयी नियमित लिहावे, ते ब्लॉगच्या रूपाने इतरांपुढे ठेवावे आणि त्यातून आपला व्यावसायिक विकास साधावा, अशी सूचना आता अनेक शाळांत होऊ लागली आहे. त्या संदर्भात आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून लांब पत्रे प्रश्नापुरती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. नोकरीत बरीच वर्षे गेली आहेत आणि सेवांतर्गत प्रशिक्षणेही वेळोवेळी झाली आहेत. जे मी रोज वर्गात करते, तेच घरी येऊन लिहून काढल्याने माझे शिकवणे कसे सुधारणार, हे मला खरोखरच उमगत नाही.

उत्तर : घडले ते केवळ लिहून काढल्याने शिकवणे सुधारत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तसे असते तर वर्षानुवर्षे पाठ टाचण लिहिणारे सगळेच शिक्षक आजवर निष्णात झाले असते. लेखनाचा उपयोग होतो तो वेगळ्या कारणाने, आणि ते कारण आपल्या अनुभवाच्या वर्षांशीच निगडित आहे.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या विचारपद्धतीविषयी लिहिताना दोन प्रकारचे चिंतन वेगळे केले होते : काम चालू असताना होणारे आणि काम संपल्यावर होणारे. अनुभवी शिक्षकाचे पहिल्या प्रकारचे चिंतन फार तरबेज झालेले असते. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली की त्याचा आवाज आपोआप बदलतो, एक उदाहरण पचले नाही की दुसरे तोंडात तयार असते. पण हे निर्णय इतक्या झपाट्याने होतात की ते का घेतले, याचा मागमूस तास संपेपर्यंत उरत नाही. त्यामुळे योग्य निर्णयांबरोबर चुकीचे निर्णयही सवयीचे होऊन बसतात आणि अनुभव वाढला तरी तो तपासला जात नाही.

त्यात स्मरणशक्तीची एक खोड आणखी भर घालते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की एखाद्या घटनेचा शेवट कळला, की ‘हे असेच होणार होते’ असे माणसांना वाटू लागते आणि आधी आपला अंदाज काय होता, हे ती नीट आठवू शकत नाहीत. शिक्षकाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की तास फसल्यावर ‘हा घटक अवघडच आहे’ असे आपण म्हणतो आणि तास रंगल्यावर ‘मला ठाऊकच होते’ असे म्हणतो. दोन्ही वेळा शिकण्यासारखे जे असते ते निसटते.

म्हणून माझी आपल्याला सूचना अशी आहे की लेखनाची सुरुवात तासानंतर न करता तासाआधी करावी. टाचणवहीच्या समासात दोनच ओळी लिहाव्यात : मुले कोठे अडतील असे मला वाटते, आणि का. उदाहरणार्थ, विद्युत परिपथ शिकवण्यापूर्वी आपण लिहाल की सूत्रातील आकडेमोड जड जाईल. तासात कदाचित असे दिसेल की आकडेमोड सगळ्यांना जमते, परंतु दिव्यातून पुढे जाताना विद्युतधारा काही अंशी ‘खर्च’ होते, अशी अनेकांची समजूत आहे. ही समजूत सर्वत्र आढळते. दिव्याच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावून सारखेच वाचन दाखवले तरी ती लगेच जात नाही. आपला अंदाज आणि वर्गातील वास्तव यांतील हे अंतर कागदावर आले, की लिहिण्याजोगे काहीतरी हाती लागते. आपल्या विषयातील नेमकी कोणती गोष्ट विद्यार्थ्यांना कशामुळे कठीण जाते, हे ज्ञान विषयाच्या ज्ञानापेक्षा आणि सर्वसाधारण अध्यापनकौशल्यापेक्षा निराळे असते, हे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ठळकपणे मांडले. बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षणात त्याचा थोडाच भाग मिळू शकतो. बाकीचा आपल्याच वर्गातून वेचावा लागतो.

प्रश्न : मी गणित शिकवतो. लिहायला बसलो की ‘आज तास चांगला झाला, मुलांनी उत्साहाने भाग घेतला, काहींना अधिक सरावाची गरज आहे’ याच्या पलीकडे लेखणी जात नाही. खोलात जाऊन लिहायचे म्हणजे नेमके काय लिहायचे?

उत्तर : आपण उद्धृत केलेली तिन्ही वाक्ये कोणत्याही दिवशी, कोणत्याही विषयाच्या, कोणत्याही तासाला लागू पडतील. अडचण तेथेच आहे. त्यांत निवाडा आहे, पण ज्याच्या आधारे निवाडा केला तो पुरावा नाही.

समजा, त्या दिवशी आपण दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवली. तीच नोंद अशी लिहिता येईल : ‘०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले. काही हात ०.३५ साठी वर गेले. एकाला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, पस्तीस हे चारापेक्षा मोठे आहेत. मी ०.४ पुढे शून्य लिहून ०.४० केले आणि आता पाहा म्हटले. सगळ्यांनी बरोबर उत्तर दिले. पुढची सहा उदाहरणेही बरोबर आली.’ एवढे वर्णन झाले, तरी तास चांगलाच झाला असे वाटत राहते. आता या वर्णनाला एक प्रश्न विचारावा : मुलांनी बरोबर उत्तर दिले ते कशाच्या बळावर? शून्य जोडल्यावर तो विद्यार्थी ४० आणि ३५ यांची तुलना करत असेल, तर दशांश चिन्हानंतरच्या अंकांना पूर्ण संख्या मानण्याची त्याची मूळ समजूत जागच्या जागी आहे. आपण तिला फक्त बरोबर उत्तरापर्यंत नेणारी वाट काढून दिली आहे.

येथून लेखन खोल जाऊ लागते, कारण आता दुसरी शंका येते. ज्यांनी पहिल्याच फटक्यात ०.४ सांगितले, त्यांना तरी समजले होते का? ‘शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून दोन अंकी दशांश नेहमी लहान’ असा उलटा नियम धरून बसलेली मुलेही असतात आणि त्यांना या उदाहरणात बरोबर उत्तर मिळते. त्यांची चूक उघड व्हायची असेल तर ०.४७ आणि ०.३ अशी जोडी द्यायला हवी. म्हणजे निदानासाठी दोन्ही प्रकारच्या जोड्या लागतात आणि आपण दिलेली सगळी उदाहरणे एकाच प्रकारची होती की काय, हे पाहावे लागते. नोंदीचा शेवट मग असा होतो : ‘उद्या पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही जोड्या देणार. उत्तराबरोबर कारणही एका ओळीत लिहून घेणार. शून्य जोडण्याची युक्ती सांगण्यापूर्वी संख्यारेषेवर दोन्ही संख्यांच्या जागा दाखवायला लावणार.’

ही नोंद साहित्यिकदृष्ट्या सुंदर नाही, आणि तशी असण्याची गरजही नाही. तिच्यात चार गोष्टी आल्या आहेत : विद्यार्थ्याचे शब्द जसेच्या तसे, त्यांचा एक अर्थ, त्या अर्थावर घेतलेली शंका आणि पुढच्या तासात करायचा एक बदल. हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या लेखनाचे चार प्रकार केले होते : नुसते वर्णन, कारणे देणारे वर्णन, स्वतःशी संवाद करत पर्याय तपासणारे लेखन आणि व्यापक सामाजिक संदर्भ लक्षात घेणारे लेखन. आपल्याला रोजच्या कामासाठी तिसऱ्या प्रकारापर्यंत पोहोचता आले तरी पुष्कळ झाले. ग्रॅहॅम गिब्ज यांचे १९८८ मधील सहा टप्प्यांचे चक्रही प्रशिक्षणात शिकवले जाते. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती असा त्याचा क्रम आहे. सुरुवातीला आधार म्हणून ते घ्यायला हरकत नाही. मात्र सहा रकाने भरणे हेच ध्येय होऊन बसते, असे मी अनेक वह्यांत पाहिले आहे, आणि त्यात ‘भावना’ या रकान्याची स्थिती सर्वांत केविलवाणी असते : तेथे बहुधा ‘समाधान वाटले’ एवढेच लिहिलेले असते.

प्रश्न : भाषा शिकवते. निबंधांच्या वह्या, परीक्षेचे काम, शाळेची इतर कामे आणि घर यांतून रोज लिहायला वेळ कोठून आणायचा?

उत्तर : रोज लिहू नये. आठवड्यातून एक तास निवडावा, तो संपल्यावर शक्य तितक्या लवकर दहा मिनिटे लिहावे आणि बाकीचे तास सोडून द्यावेत. शनिवारी बसून आठवड्याचा आढावा लिहिण्यापेक्षा हे बरे, कारण शनिवारपर्यंत मुलांचे शब्द विसरलेले असतात आणि उरलेले असते ते आपले मत.

वेळ वाचवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे काही आठवडे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणे. आपण प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबतो, हाच प्रश्न घ्या. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संवादांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात आणि मग पुढे जातात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा अधिक वाढवला असता उत्तरे लांबतात, आपणहून बोलणाऱ्यांची संख्या वाढते आणि निरुत्तर राहणाऱ्यांची कमी होते. विद्यार्थ्याने उत्तर दिल्यानंतरचे थांबणेही तितकेच महत्त्वाचे असते, हे त्यांनी वेगळे नोंदवले आहे. ‘छान’ म्हणून आपण चटकन पुढे गेलो की त्याचे अर्धे राहिलेले वाक्य अर्धेच राहते. कविता शिकवताना तर हे विशेष लागू पडते. फोनवर स्वतःच्या तासाची दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करावी, ऐकताना फक्त हे दोन अवधी पाहावेत, चार ओळी लिहाव्यात आणि मुद्रण पुसून टाकावे. आपला आवाज ऐकताना पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होते, तेवढे सोसावे.

प्रश्न : हे लेखन स्वतःपुरते वहीत ठेवावे, की ब्लॉगवर सर्वांसमोर मांडावे? सहकाऱ्यांना दाखवायचा संकोच वाटतो, पण एकट्याने लिहिण्यातही राम वाटत नाही.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून उत्तरही एका शब्दात देता येत नाही.

शिक्षकी पेशातील एकटेपणाची चर्चा फार जुनी आहे. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकांच्या कामाचा समाजशास्त्रीय अभ्यास मांडताना दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. शिक्षक एकमेकांपासून तुटक अशा वर्गखोल्यांत काम करतात, त्यामुळे दुसऱ्याचे काम पाहण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. आणि प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थिदशेत हजारो तास इतरांना शिकवताना पाहिलेले असल्यामुळे, शिकवणे म्हणजे काय याची एक पक्की प्रतिमा तो घेऊनच या व्यवसायात येतो. केवळ स्वतःसाठी लिहिणाऱ्याला ही प्रतिमा दिसणे अवघड असते, कारण तो तिच्या आतच उभा राहून लिहीत असतो. वाचक आला की ज्या गोष्टी आपल्याला उघड वाटतात, त्या स्पष्ट करून सांगाव्या लागतात आणि सांगताना त्यांतील काही मुळीच उघड नव्हत्या, असे ध्यानात येते. सार्वजनिक लेखनाचा मोठा फायदा हाच आहे.

तोटा असा, की वाचक दिसू लागला की शिक्षक यशस्वी तासच निवडू लागतो. मग फळ्यावरील सुरेख आकृत्या, हसरे चेहरे आणि अभिनव उपक्रम यांची मालिका सुरू होते आणि ज्या तासातून शिकण्यासारखे होते तो वहीतही उतरत नाही. प्रसिद्धीसाठी लिहिणे यात गैर काही नाही. मात्र त्याला व्यावसायिक विकास म्हणू नये.

यातून माझ्या मते चालण्याजोगी वाट अशी : कच्च्या नोंदी स्वतःच्या वहीत कोणालाही न दाखवता लिहाव्यात, त्यांत वाटेल ते लिहिण्याची मोकळीक असावी. महिना-दोन महिन्यांनी त्यांतला एखादा प्रश्न निवडून त्यावर इतरांसाठी लेख तयार करावा आणि तो प्रथम विश्वासातील दोघा-तिघांना द्यावा. देताना ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. ‘या टप्प्यावर आपण काय केले असते?’ किंवा ‘या मुलाच्या उत्तराचा आणखी कोणता अर्थ लागतो?’ असे विचारावे. या गटात पुरेसा धीर आला की ब्लॉगवर मांडायला हरकत नाही. दुसऱ्या शाळेतील, त्याच विषयाचा शिक्षक तो वाचून आपल्या वर्गातील वेगळा अनुभव कळवतो, तेव्हा ब्लॉगचे खरे चीज होते.

स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५ मध्ये आपले अध्यापन पाहण्याच्या चार दृष्टी सांगितल्या : स्वतःचा पूर्वानुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि अभ्यासकांचे लेखन. ब्लॉगमुळे यांतली तिसरी मिळते. दुसरी अनेकदा राहूनच जाते. त्यासाठी त्यांनीच सुचवलेली एक साधी पद्धत आहे. आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून नाव न घालता पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यायची : या आठवड्यात वर्गात सर्वांत जास्त मन केव्हा लागले, सर्वांत जास्त दूर केव्हा गेले, कोणाच्या कोणत्या कृतीचा आधार वाटला, कोणत्या कृतीने गोंधळ झाला आणि आश्चर्य कशाचे वाटले. मोठ्या वर्गांतील मुले हे नेमकेपणाने लिहितात. पुढच्या आठवड्यात त्यांना त्याचा सारांश सांगायला मात्र विसरू नये, नाहीतर दुसऱ्या खेपेस कागद कोरे येतात.

प्रश्न : लेखनात विद्यार्थ्यांचे प्रसंग येणारच. नावे बदलली की पुरे होते ना?

उत्तर : पुरे होत नाही. शाळेचे नाव ब्लॉगवर असेल, इयत्ता दिलेली असेल आणि ‘नुकतीच बदलून आलेली, थोडी अडखळत बोलणारी मुलगी’ असा उल्लेख असेल, तर नाव काहीही दिले तरी तिच्या वर्गातील प्रत्येकाला आणि तिच्या पालकांना ती कोण हे कळेल. प्रसंगाच्या दृष्टीने अनावश्यक तपशील काढून टाकावेत, आवश्यक असलेले बदलावेत, आणि शक्य असेल तेथे ते मूल आपल्या वर्गातून पुढे गेल्यावरच त्याविषयी लिहावे. छायाचित्रांबाबत तर अधिक सावध असावे. वहीच्या पानाचे छायाचित्र निरुपद्रवी वाटते, पण हस्ताक्षर ओळखता येते आणि पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांकही असतो. विद्यार्थ्याचे काम दाखवायचेच असेल तर पालकांची लेखी आणि मुलाची स्वतःची संमती घ्यावी, आणि शाळेचे याविषयी काही नियम असतील तर ते आधी पाहावेत.

मी एक कसोटी वापरतो : हा लेख ते मूल मोठे झाल्यावर वाचेल असे गृहीत धरायचे. आपल्या अज्ञानाचा शिक्षकांनी विनोद केला, असे त्याला वाटण्याची शक्यता असेल तर तो परिच्छेद जायला हवा, मग तो कितीही खुमासदार असो. मुलांच्या उत्तरपत्रिकांतील गमती हा शिक्षक कक्षातला आवडता विषय आहे हे मान्य आहे; तो तेथेच राहू द्यावा.

सहकाऱ्यांविषयी हेच लागू आहे. आणि एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेविषयी चिंता वाटावी असे काही आढळले, तर तो लेखनाचा विषयच नव्हे. ते त्याच दिवशी शाळेतील जबाबदार व्यक्तीला सांगायचे असते.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. प्रत्येक शिक्षकाने महिन्याला दोन लेख लिहावेत असा नियम करावा आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद घ्यावी, असा विचार आहे. आपले मत काय?

उत्तर : कृपया असे करू नये. आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु ज्या लेखनावर मूल्यमापन अवलंबून आहे, त्यात ‘माझा तास फसला आणि का फसला ते मला अजून कळलेले नाही’ हे वाक्य कोणीही शहाणा शिक्षक लिहिणार नाही. आपल्याकडे महिन्याला ठरल्याप्रमाणे लेख येतील, ते सगळे यशोगाथा असतील आणि त्यांतले काही एकमेकांशी विलक्षण साम्य असलेलेही असतील.

शिक्षकांनी लिहावे असे वाटत असेल तर त्यांना देण्याजोग्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली म्हणजे वेळापत्रकातला वेळ. आठवड्यातून एक मोकळी तासिका, जिच्यात बदली तास लावला जाणार नाही याची खात्री असेल, ही कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक काम करील. दुसरी म्हणजे आपले स्वतःचे लेखन. मुख्याध्यापकांनी आपल्या एखाद्या फसलेल्या बैठकीविषयी किंवा तासाविषयी सरळपणे लिहून ते शिक्षकांपुढे ठेवले, तर पुढचे सांगावे लागत नाही.

शिवाय सर्वांनी लेखनच करावे असाही आग्रह नसावा. काही उत्तम शिक्षकांना लिहिण्याचा मनस्वी कंटाळा असतो, पण ते बोलताना फार बारकाईने विचार करतात. अशांसाठी जपानमध्ये दीर्घकाळ रुजलेली पाठ-अभ्यासाची पद्धत अधिक योग्य ठरेल. तीत काही शिक्षक मिळून एकाच पाठाचे नियोजन करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून शिकवणाऱ्याऐवजी विद्यार्थ्यांचे निरीक्षण करतात, नंतर चर्चा होते आणि पाठ सुधारला जातो. त्या चर्चेचे टिपण एकाने केले, तरी सर्वांसाठी लेखन झालेच.

प्रश्न : मी नुकतीच शिक्षिका झाले आहे. इतर शिक्षकांचे ब्लॉग वाचते तेव्हा सगळ्यांचेच वर्ग आदर्श वाटतात आणि आपलाच तेवढा गोंधळलेला आहे असे वाटते. शिवाय कोणाचे काय खरे मानावे, हेही कळत नाही.

उत्तर : पहिल्या भागाविषयी वर आलेच आहे : फसलेले तास लोक क्वचित प्रसिद्ध करतात. आपण वाचत आहात ती निवड आहे, सरासरी नव्हे.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. आत्मविश्वासाने लिहिलेली आणि वारंवार दिसणारी गोष्ट सिद्ध झालेली असतेच असे नाही. ‘वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के लक्षात राहते’ अशी उतरंड दाखवणारा त्रिकोण आपण पाहिला असेल. असे गोल गोल आकडे सांगणाऱ्या त्या आकृतीमागे विश्वासार्ह संशोधन नाही. तीच गोष्ट विद्यार्थ्यांचे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिशील’ असे प्रकार पाडून प्रत्येकाला त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवावे, या कल्पनेची. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा असे वर्गीकरण करून शिकवल्याने अधिक शिकले जाते, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे खरे. पण नकाशा सर्वांनाच पाहून समजतो आणि उच्चार सर्वांनाच ऐकून.

म्हणून दुसऱ्याचा लेख वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. मुले प्रत्यक्ष काय म्हणाली किंवा त्यांनी काय लिहिले, हे लेखात आहे का? तो उपक्रम कोणत्या वयाच्या, किती मुलांच्या वर्गात आणि घटकाच्या कोणत्या टप्प्यावर झाला, हे सांगितले आहे का? आणि काय जमले नाही, याचा एक तरी उल्लेख आहे का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर लेख आनंदासाठी वाचावा. होकारार्थी असतील, तर त्यातील एकच गोष्ट उचलावी, आपल्या वर्गात करून पाहावी आणि काय घडले ते त्या लेखकाला कळवावे. पहिल्या वर्षी स्वतः ब्लॉग लिहिण्यापेक्षा अशी उत्तरे लिहिणे सोपे जाते.

प्रश्न : वर्षभर नेमाने लिहिले. वही भरली. आता पुढे काय करायचे?

उत्तर : ती वाचायची. हे सांगण्याची गरज नसावी, पण नोंदी लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्या पुन्हा उघडलेल्या नसतात. सुटीत एका बैठकीत सलग वाचाव्यात, म्हणजे सुट्या सुट्या वाचताना न दिसणारी आवर्तने दिसतात.

वाचताना वाक्यांचे कर्ते पाहावेत. ‘मुलांना समजले नाही’, ‘वर्गाने प्रतिसाद दिला नाही’ अशी वाक्ये कोणत्या घटकांच्या वेळी दाटीने आली आहेत आणि ‘मी असे विचारले’, ‘मी हे उदाहरण बदलले’ अशी कोणत्या वेळी, यांवरून आपली कोणत्या घटकांवर पकड आहे हे बऱ्यापैकी कळते. एकच अडचण वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा लिहिली गेली असेल, तर ती पुढील वर्षाच्या कृतिसंशोधनाचा विषय होऊ शकते. कृतिसंशोधन ही संज्ञा कर्ट ल्युइन यांनी १९४० च्या दशकात रूढ केली आणि शिक्षक हाच आपल्या वर्गाचा संशोधक असावा, हा विचार लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये अभ्यासक्रमाच्या संदर्भात आग्रहाने मांडला. त्यासाठी मोठा प्रबंध लागत नाही. एक प्रश्न, एक बदल, बदलाच्या आधीचे आणि नंतरचे विद्यार्थ्यांचे काम, आणि ते पाहणारा एखादा सहकारी एवढ्यावर काम सुरू होते.

आणखी एक काम अवश्य करावे. वर्गाचा हजेरीपट शेजारी ठेवावा आणि वर्षभरातील नोंदींत ज्या विद्यार्थ्यांचा उल्लेख एकदा तरी आला आहे, त्यांच्यापुढे खूण करावी. हुशार मुले आणि खोडकर मुले यांच्यापुढे खुणांची गर्दी होईल. ज्यांच्यापुढे एकही खूण नसेल, त्यांची यादी वेगळी काढावी. ती बहुधा वाटते त्यापेक्षा लांब निघते. तोच वर्ग पुढील वर्षी आपल्याकडे असेल तर पहिल्या महिन्याच्या नोंदी या यादीतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात : प्रत्येक नोंदीत त्यांच्यापैकी एकाचे, त्याच्याच शब्दांतले एक वाक्य आलेच पाहिजे, असे बंधन घालून घ्यावे. वर्ग बदलला असेल तर नव्या हजेरीपटाबाबत हेच काम सहामाहीलाच करावे, वर्ष संपण्याची वाट पाहू नये.